थर्मल मोनोक्युलर घेताय? आधी आपला बांध मोजा

दिवाळीच्या पाडव्यानंतर थर्मल मोनोक्युलर (उष्णतेवरून अंधारात जनावर दाखवणारी एका डोळ्याची दुर्बीण) घेतलं आणि आता मिरग लागलाय, म्हणजे आठ महिने झाले वापरून. तेवढ्यात चार-पाच जणांनी विचारून झालं की दादा कोणतं घेतलं, किती लांबचं दिसतं, किती पैसे गेले. दर वेळी तीच टेप वाजवायला नको म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. लांबलंय जरा, चहा घेऊन बसा.

आधी आमची परिस्थिती सांगतो, कारण ती माहीत नसेल तर पुढचं काहीच कळणार नाही. जुन्नर तालुका, ओतूर आणि आळेफाटा यांच्या मधला पट्टा. कुकडीचं पाणी, म्हणून ऊस, आणि ऊस म्हणजे बिबट्या. आमच्याकडे म्हातारी माणसं त्याला बिबट्या म्हणतच नाहीत, वाघच म्हणतात, "काल वाघ आलता गोठ्यापाशी" असं. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र इथून फार लांब नाही, वनखात्याच्या गाड्या आणि पिंजरे बघत आमची पोरं मोठी झालीत. त्यात थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की बारा-एकला उठून मोटार चालू करायची आणि दारं धरायला उसाच्या कडेकडेनं जायचं. हातात बॅटरी, मोठ्याने गाणी लावलेला मोबाईल (आवाजाने जनावर सरकतं म्हणून, हौस नाही), आणि मनात राम राम. शेजारच्या मळ्यातून कुत्रं उचललं गेल्यावर घरातून हुकूम सुटला, एकतर रात्रीचं जाणं बंद करा नाहीतर काहीतरी सोय करा. म्हणून ही सोय.

आता हे यंत्र काय करतं ते थोडक्यात. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानाप्रमाणे इन्फ्रारेड किरण सोडत असते, डोळ्याला ते दिसत नाहीत, हे यंत्र ते पकडून चित्र काढतं. अंधार-उजेडाशी त्याचा काही संबंध नाही, अमावस्येला जसं दिसतं तसंच पौर्णिमेला. नाईट व्हिजनवाल्या स्वस्त दुर्बिणी येतात त्या वेगळ्या, त्या स्वतःची इन्फ्रारेड बॅटरी मारून बघतात. पुढे गवत असेल तर गवतच पांढरंफेक दिसतं आणि मागचं जनावर गायब. थर्मल स्वतः काहीच सोडत नाही, नुसतं बघतं. भिंग काचेचं नसतं, जर्मेनियमचं असतं, कारण हे किरण काचेतून जातच नाहीत. हे मी वाचलं होतं आणि तरी पहिल्याच रात्री पिकअपची काच वर ठेवून बघितलं तर आत एक पांढरं भूत दिसलं, दचकलोच. माझंच तोंड होतं, काचेवर आरशासारखं उमटलेलं. काच खाली करा मग बघा.

मी घेतलं ते तिसरं. पहिलं भाच्याचं, तो इलेक्ट्रिशियन आहे, त्याच्याकडे मोबाईलला खाली खोचायचं थर्मल आहे. पॅनल, फ्यूज, मोटारीचं बेअरिंग बघायला एक नंबर वस्तू, पण पंधरा-वीस मीटरच्या पुढे शेळी आणि दगड एकच. शिवाय मोबाईलचा उजेड तोंडावर पडतो, दहा मिनिटात बॅटरी रडायला लागते. जनावरं बघायला ते घेऊ नका, स्वस्त आहे म्हणून तर अजिबातच घेऊ नका.

दुसरं पुण्याच्या एका फोटोग्राफर मित्राचं, आठवडाभर वापरायला आणलं होतं, ३५ मिलिमीटरची लेन्स (हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं मोठं दिसतं, पण पसारा अरुंद). ते मागवायचं कारण आमचे चुलतमेव्हणे. ते टेक्सासला असतात, तिथे रानडुकरांचा उच्छाद आहे आणि खाजगी रानात त्यांची शिकार बाराही महिने चालते, रात्रीसुद्धा. दाजींची त्या शिकारवाल्यांत ऊठबस, फोनवर मला म्हणाले, "हे बघ, ३५ च्या खाली घेऊच नको, पैसे पाण्यात जातील, माझा माणूस अर्ध्या मैलावरून डुक्कर ओळखतो." दाजींचं खोटं नाही. त्यांच्याकडे मैलभर सपाट गवत आहे. माझ्याकडे सहा फुटाची पाऊलवाट आहे आणि दोन्ही बाजूला बारा फुटाचा ऊस आहे! मी त्या ३५ च्या दुर्बिणीतून बांधावर उभा राहून बघायला लागलो तर पाइपातून बघितल्यासारखं. पन्नास मीटरवर जेमतेम साडेसहा मीटर रुंदीचा तुकडा दिसतो, कुठे बघतोय हेच कळेना. डावीकडे विहीर होती ती उजवीकडे शोधत होतो. आणि आमचं जनावर पन्नास मीटरच्या आतच असतं, ते पाचशे मीटरवर असेल तर मला त्याच्याशी काय करायचंय, तो त्याच्या वाटेने मी माझ्या.

इथेच सगळ्यांची गफलत होते. जाहिरातीत मीटर मोठ्या अक्षरात लिहिलेले असतात, ५०० मीटर, ९०० मीटर, अठराशे मीटर, आणि आपण गाडीचं ॲव्हरेज बघितल्यासारखं जास्त मीटरवालं उचलतो. ते मीटर काय असतात ते गणित करून बघा, सोपं आहे. आतल्या सेन्सरवर बारीक ठिपके असतात, हल्ली बहुतेक सगळ्यांचा ठिपका १२ मायक्रॉनचा. लेन्स १० मिलिमीटरची असेल तर १०० मीटरवर एक ठिपका १२ सेंटिमीटर जागा बघतो, ५०० मीटरवर ६० सेंटिमीटर. म्हणजे ५०० मीटरवर उभा असलेला पुरुषभर उंचीचा माणूस तुमच्या स्क्रीनवर एकावर एक ठेवलेले तीन ठिपके. झालं, कंपनी म्हणते ५०० मीटरवर दिसतो. दिसतो हो, पण तो माणूस आहे, बाभळीचं खोड आहे का गाढव आहे हे देवाला माहीत. आपल्याला ओळखायचं असतं, नुसतं दिसून उपयोग नाही.

आता हेच बिबट्याला लावा. खांद्यापाशी उंची साधारण ६०-७० सेंटिमीटर, शेपूट सोडून लांबी धरा सव्वा मीटर. १० मिलिमीटरच्या लेन्सने ६० मीटरवर तो नऊ ठिपके उंच आणि सतरा ठिपके लांब येतो, चालत असेल तर ओळखू येतो, बसला असेल तर कुत्र्यात आणि त्यात घोटाळा होतो. तेच १५ ची लेन्स आणि ३८४ बाय २८८ चा सेन्सर (आडवे ३८४, उभे २८८ ठिपके) असेल तर तेरा-चौदा उंच, सव्वीस लांब, तिथे मग शेपटीचा बाक सुद्धा कळतो. गंमत अशी की २५६ चा सेन्सर १० च्या लेन्सला आणि ३८४ चा सेन्सर १५ च्या लेन्सला, दोघांचा दिसण्याचा पसारा सारखाच, साडेसतरा अंश, म्हणजे ५० मीटरवर साधारण १५ मीटर रुंद तुकडा. पसारा तोच, दाणे बारीक. म्हणून पैसे असतील तर दुसरं घ्या, नसतील तर पहिल्यानेही काम भागतं. मी ३८४ आणि १५ घेतलं, सगळं धरून लाखाच्या वर गेलं. घरी आकडा कमी सांगितलाय, कोणी बोलू नका.

कंपन्या बऱ्याच आहेत. युरोपातली पल्सर, चीनची हिकमायक्रो, अमेरिकेतली फ्लिर आणि एजीएम, ही नावं शोधलं की वर येतात आणि प्रत्येकाची दहा दहा मॉडेलं. मी मुद्दाम मॉडेलचं नाव देत नाही, कारण वर्षभरात ते बंद होऊन त्याच्या पुढे प्रो नाहीतर २.० लागतं. मी सांगतो ते आकडे बघायचे, ते कुठल्याही डब्यावर छापलेले असतात.

त्यात एक आकडा सगळे सोडून देतात तो म्हणजे एनईटीडी. मिलीकेल्विनमध्ये असतो, ५०, ३५, २५, २० असा, जितका कमी तितकं चांगलं. ५० म्हणजे ०.०५ अंशाचा फरक ते ओळखू शकतं, २० म्हणजे ०.०२ चा. कागदावर हा फरक काहीच नाही वाटत, पण आपल्या हवेला तोच लागतो. थंड देशात रात्री जमीन शून्याला टेकलेली आणि जनावर गरम, तिथे कसलंही यंत्र चालतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये रात्री नऊ वाजता बांधावरचा दगड अजून इतका तापलेला असतो की स्क्रीनवर पांढऱ्या डागांची रांगोळी, त्यात बिबट्या शोधा. मी या उन्हाळ्यात एका धोंड्याकडे पाऊण तास बघत बसलो होतो, हलेना म्हणून अजूनच भीती. सकाळी जाऊन बघितलं तर आमचाच सीमेचा दगड. उन्हाळ्यात खरं दिसायला लागतं ते पहाटे तीननंतर, दगड निवल्यावर. डिसेंबर-जानेवारीत मात्र विचारू नका, आमच्याकडे पारा दहाच्या खाली येतो तेव्हा विजेच्या तारेवर बसलेला पिंगळा सुद्धा शंभर मीटरवरून बल्बसारखा चमकतो.

आणि पावसाळा. धुकं आणि बुरबुर पाऊस असला की थर्मल आंधळं होतं, अगदी आंधळं नाही पण मोतीबिंदू झाल्यासारखं. पाण्याचे थेंब किरण खातात, वर सगळं ओलं होऊन पानं, माती, दगड एकाच तापमानाला येतात, मग चित्रात काही उठावच राहत नाही. गेल्या आठवड्यात माळशेजच्या बाजूला गेलो होतो तेव्हा घाटाच्या धुक्यात लावून बघितलं, नुसता राखाडी पडदा. "धुक्यातही स्पष्ट दिसते" असं जो दुकानदार सांगेल त्याला म्हणा चल घाटात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुठल्याच व्हिडिओत नीट सांगत नाहीत. थर्मल पानांच्या आरपार बघत नाही. उसाच्या आत काय आहे ते दिसत नाही. दिसत नाही म्हणजे नाही. लोकांना वाटतं एक्स-रे आहे. उसाचं एक पान मध्ये आलं तरी मागचं जनावर झाकलं जातं, फटीतून कधी एखादा पांढरा ठिपका लुकलुकतो, तो पण नशीब असेल तर. मग उपयोग काय? उपयोग कडेला. बांध, पाट, पाऊलवाट, विहिरीचा कठडा, गोठ्याच्या मागची बाजू, तोडलेल्या उसाचं मोकळं रान. जनावर आत बाहेर करतं ते इथूनच. आपल्याला चालायचंय ती वाट मोकळी आहे का एवढं कळलं तरी बास, आत तो झोपलाय का नाही हे विचारूच नका, आत तो असतोच असं धरून चाला.

हा धडा मी फुकट नाही शिकलो. जानेवारीत आमची तोडणी आली, ८६०३२ जातीचा ऊस, आडसाली. टोळी बीडकडची, बाया कोयता घेऊन पहाटे पाचला फडात, कडेला फडक्यावर लेकरं झोपवलेली. मुकादमाला मी मोठ्या ऐटीत सांगितलं, थांबा जरा, मी मशीनने बघून देतो. चारही बाजूंनी फिरलो, दोन मांजरं, एक ससा (सशाचे कान काय पेटलेले दिसतात, मेणबत्त्या लावल्यासारखे), टोळीचं कुत्रं, बाकी काही नाही. म्हटलं जा बिनघोर. साडेआठच्या सुमाराला मधल्या पट्ट्यात ओरडा झाला. पाचटाखाली दोन पिल्लं, डोळे नुकते उघडलेले, मांजराएवढी. मी ज्या फडाला सर्टिफिकेट दिलं होतं त्याच फडात. पाचटाच्या थराखाली थर्मलला काय दिसणार, कप्पाळ. मुकादम काही बोलला नाही, नुसतं माझ्या हातातल्या दुर्बिणीकडे बघितलं, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

तोडणी थांबवली, १९२६ ला फोन केला, वनखात्याचा हेल्पलाईन नंबर आहे, सेव्ह करून ठेवा. माणसं आली, पिल्लं तपासली, आणि संध्याकाळी त्याच जागी प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवून सगळ्यांना लांब घालवलं. आई आली तर घेऊन जाते, आमच्या भागात हे दर तोडणीला कुठे ना कुठे चालू असतं. वनरक्षकाला विचारून मी ऐंशी-नव्वद मीटरवर पिकअपच्या हौद्यात बसलो, तो शेजारी. अंधार असा की हात दिसेना. थर्मलमध्ये मात्र क्रेट म्हणजे एक करडा चौकोन आणि त्यात दोन कणकेच्या गोळ्यांसारखे पांढरे ठिपके, मधूनच एकात एक मिसळणारे.

नऊ-सव्वानऊला राहिलेल्या उसाच्या कडेला आधी नुसतं तोंड उगवलं. हो, उगवलंच, कारण अंग आत होतं आणि तोंडच तेवढं बाहेर. मग दहा मिनिटं काही नाही. मग ती अख्खी बाहेर आली, पोट जमिनीला घासेल इतकं खाली, पाठीची रेघ सरळ, मागे शेपूट अंगापेक्षा काळपट. अंगावरचे ठिपके थर्मलमध्ये दिसत नाहीत बरं का, सगळं अंग एकसारखं, त्यामुळे ज्याला चाल माहीत नाही तो सहज म्हणेल कुत्रं आहे. पण कुत्रं उड्या मारत चालतं, ही तेल सांडल्यासारखी सरकत होती. क्रेटपाशी थांबली, खाली वाकली, आणि दोन गोळ्यांतला एक तिच्या तोंडाला चिकटला. तशीच मागे गेली. वीस-बावीस मिनिटांनी परत आली, दुसरा नेला. वनरक्षकाच्या हातात दुर्बीण दिली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "गेली रे बाई." पाच वर्षं नोकरी झाली होती त्याची, ट्रॅप कॅमेऱ्याच्या फोटोत बघितलं होतं, असं चालू बघितलं नव्हतं.

आणि मग मी गाढवपणा केला. रेकॉर्डिंग केलेलं होतं, ते गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, गटनंबरासकट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बांधावर तीस-चाळीस मोटारसायकली. कोणी शिट्ट्या मारतंय, कोणी फटाका आणलाय, कोणी पोराला खांद्यावर घेऊन. पिल्लं असलेली मादी जवळपास आणि ही जत्रा. वनखात्याच्या त्याच पोराला परत यावं लागलं, त्याने मला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. व्हिडिओ काढा, घरच्यांना दाखवा, जागा सांगू नका.

शिकारीचं पण एकदा बोलून घेतो, कारण ही यंत्रं जगभर शिकाऱ्यांसाठीच विकली जातात, डब्यावर हरणाचं आणि डुकराचं चित्र असतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि त्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, पकडणं, फास लावणं, हाकणं, आमिष दाखवणं हेही त्यातच येतं. बिबट्या पहिल्या अनुसूचीत. त्यामुळे थर्मलमध्ये दिसला आणि चार पोरं घेऊन मागे पळालो, हे सुद्धा महागात पडेल. राखीव जंगलात रात्री थर्मल घेऊन बिनपरवानगी फिरलात तर वनरक्षक तुम्हाला पक्षीमित्र समजणार नाही, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही नसतो समजलो. आपलं शेत, आपली वाट, फार तर रस्त्याच्या कडेने, एवढंच.

शिकाऱ्यांच्या सोयीतली एक गोष्ट मात्र आपल्या कामाला येते. काही मॉडेलमध्ये अंतर मोजायच्या रेघा असतात, हरणासाठी १.७ मीटर, रानडुकरासाठी ०.७, सशासाठी ०.३ अशा उंचीच्या. दोन रेघांमध्ये जनावर बसवलं की अंतर येतं. बिबट्याला रानडुकराची रेघ लावा, उंची जवळपास तीच, अंदाज बरोबर येतो. लेझर रेंजफाइंडरवाल्या मॉडेलला जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही.

बाकी लहानसहान. स्क्रीन दर सेकंदाला किती वेळा बदलते तो आकडा बघा, ९ हर्ट्झचं घेऊ नका, मान फिरवली की चित्र धक्के खात येतं. अमेरिकेतून ९ च्या वरची यंत्रं बाहेर पाठवायला जादा निर्बंध आहेत म्हणून ती हळू मॉडेलं निघाली, आता २५ आणि ५० हर्ट्झची सहज मिळतात. मधूनमधून यंत्र "टिक" असा आवाज करून क्षणभर थिजतं, ते बिघडलेलं नाही, आतली झडप पडून ते स्वतःला जुळवून घेतं. रात्रीच्या शांततेत तो टिक मात्र बंदुकीसारखा वाटतो आणि आमचं कुत्रं दर वेळी कान टवकारतं. ब्राइटनेस अगदी तळाला ठेवा आणि डाव्या डोळ्याने बघा, उजवा डोळा अंधाराला सरावलेला राहिला पाहिजे, नाहीतर दुर्बीण खाली घेतली की दोन मिनिटं ठार आंधळे. रंगांचे दहा प्रकार असतात, लाल, सोनेरी, इंद्रधनुष्य, ते पाव्हण्यांना दाखवायला ठीक, काम करताना पांढरा नाहीतर काळा. सूर्याकडे चुकूनही धरू नका, सेन्सर जळतो.

फसवणारी एक गोष्ट, पहिल्या महिन्यात घाम फुटतो म्हणून सांगतो. बांधावर एक गोल पांढरट आकार बसलेला, पाय नाहीत डोकं नाही, जवळ जाऊन बॅटरी मारली तर काहीच नाही. कुत्रं बसून उठून गेलेलं होतं, त्याची ऊब जमिनीला राहिलेली. हळूहळू विझत जाते ती.

आणि सापाचं. बायकोने पहिला प्रश्न हाच विचारला होता आणि मी बिनधास्त हो म्हणालो होतो. थर्मलमध्ये साप दिसत नाही हो. त्याचं रक्त थंड, रात्री तो मातीच्याच तापमानाचा. घोणस वाटेत पसरलेली असली तरी यंत्राला ती माती. बेडूक नाही, विंचू नाही, काही नाही. दुर्बीण डोळ्याला लावून चालत गेलात तर बिबट्यापासून वाचाल आणि सापावर पाय द्याल. म्हणून थांबून बघायचं, दुर्बीण गळ्यात सोडायची, मग पायापुढे बॅटरी मारत चालायचं, गमबूट घालून. आमचं आता ठरलेलं आहे, पन्नास पावलं चालणं, एक फेरी बघणं.

तक्रार एक आहे आणि ती यंत्राची नाही, विक्रेत्याची. मी आधी एका ऑनलाईन विकणाऱ्याकडून घेतलं होतं, पाच-सात हजार स्वस्त म्हणून. बिल मागितलं तर म्हणे दादा बिल पाठवतो, मग म्हणे जीएसटीचं वेगळं पडेल. पेटी आली, स्क्रीनच्या बरोबर मध्ये एक मेलेला पांढरा ठिपका, म्हणजे जिकडे बघावं तिकडे एक लांबचं जनावर. फोन केला तर "कॅलिब्रेट करून बघा", परत केला तर "साहेब बाहेर आहेत", मग उचलणंच बंद. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का नाही, कंपनीच्या भारतातल्या डीलरने हात वर केले. महिनाभर रोज फोन, शेवटी ग्राहक आयोगात जातो म्हटल्यावर माल परत घेतला, कुरिअरचे पैसे माझ्याच बोडक्यावर. म्हणून बिल, वॉरंटी आणि भारतातलं सर्व्हिस सेंटर या तीन गोष्टी हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका, पाच हजार स्वस्तात मिळालं तरी.

बॅटरी आतली पक्की असेल तर घेऊ नका असं माझं मत. माझ्यात १८६५० चा सेल आहे, काढता घालता येतो, एक सेल साधारण चार-साडेचार तास जातो, थंडीत अर्धा तास कमी. दोन सेल जास्तीचे घेऊन ठेवलेत. मोबाईलचं ॲप मी काढून टाकलं, लोकेशन, कॉन्टॅक्ट, सगळंच मागत होतं, कशाला पाहिजे त्याला माझ्या मेव्हण्याचा नंबर.

शेवटचं राहिलं ते आबांचं. यंत्र आणलं त्या दिवशी आबा म्हणाले होते, "वाघोबाला नारळ फोडला असता तर पन्नास रुपयांत झालं असतं." दोन महिने हात लावला नाही त्यांनी. मग एका थंडीच्या रात्री कांद्याला पाणी चालू होतं, मी सहज दुर्बीण त्यांच्या डोळ्याला लावली. विहिरीचं पाणी हिवाळ्यात जमिनीपेक्षा कोमट असतं ना, तर काळ्याभोर वावरात पांढरी रेघ सरीतून पुढे पुढे सरकताना दिसत होती, कुठपर्यंत पोचलं, कुठे फुटलं, कुठली सरी तुंबली, सगळं बांधावर उभ्या उभ्या. आबा दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "तिसऱ्या सरीला उंदराने भोक पाडलंय, जा." गेलो तर खरंच होतं.

तेव्हापासून दुर्बीण त्यांच्या खाटेच्या उशाला असते. वाघ बघायचा म्हणून मी मागायला जातो तेव्हा नेमके तिन्ही सेल उतरलेले असतात.